पथ्य गुरुजींना

पाकदे लेगिमान यांनी शेवटी मास्क लावला. पण तसं काही झालंच नाही असं धरून चाला, कारण सगळ्या गावाचे थोरले काका असलेले पाकदे अजून तेच म्हणतात.

सकाळपासून मेरापी या ज्वालामुखी पर्वताची राख पडत होती. पाकदेंनी धावत जाऊन देन बागुसचा पिंजरा ओल्या लुंगीनं झाकला. देन बागुस म्हणजे त्यांचा शामा पक्षी, येत्या गायन स्पर्धेतला गावाचा गडी. मग ते उघड्या नाकानं छपरावर चढले आणि कोरडीच राख झाडू लागले. उतरले ते खोकतच. खळ्ळ, खळ्ळ, घुर्रर्र, थू.

नर्स सुलिसनं पाठीला नळी लावली. तिचा चेहरा उतरला.

"पाकदे, उजवीकडे हवा पोचतच नाहीये. ही चुलीतली राख नव्हे. दळलेला दगड आहे, काच आहे. मास्क लावा, नाहीतर शहरातल्या दवाखान्यात पडून राहावं लागेल."

"राखेनं तुझ्या काकूची भांडी लख्ख होतात, पोरी. माझी छातीही होईल."

"मग नारळाची शेंडीही गिळा," बायको तुकिनेम म्हणाली.

"दवाखान्यात पिंजरा नेऊ देतात?" पाकदेंनी विचारलं.

"नाही."

"मग मी आजारी नाही."

सुलिसनं ठेवलेल्या मास्कनं त्यांनी मोटारसायकल पुसली.

शामा ऐकेल ते उचलतो. म्हणून शौकीन मंडळी त्याच्या शेजारी गोड गळ्याचे पक्षी टांगतात आणि कोंबड्याला आसपास फिरकू देत नाहीत. पाकदेंनी तर शेजाऱ्याचा कोंबडा विकत घेऊन खाल्ला होता. राख थांबल्यावर त्यांनी पिंजऱ्यावरची लुंगी काढली. देन बागुसनं शेपूट ताणलं. बुलबुल म्हणून दाखवला, रातकिडा म्हणून दाखवला, आणि शेवटी गळा फुगवून म्हणाला, खळ्ळ, खळ्ळ, घुर्रर्र, थू.

तुकिनेम हसता हसता खालीच बसली. "अहो, मान वळवतो तीसुद्धा तुमच्यासारखी!"

पाकदेंनी स्वतः फोन लावला. "सुलिस, धाव! खोकला फार वाढलाय!"

सुलिस ऑक्सिजनची टाकी घेऊन धापा टाकत आली. पाकदेंनी पिंजऱ्याकडे बोट दाखवलं.

"औषध दे."

तिनं पक्ष्याचं सगळं गाणं शांतपणे ऐकून घेतलं. "इलाज आहे. पण पथ्य त्याच्या गुरुजींना."

पाकदेंनी मास्क लावला. झोपतानाही लावला. राख पाणी शिंपडून मगच झाडू लागले. पुढच्या खेपेला सुलिसनं नळी लावली, तर उजवीकडेही हवा खुशाल ये-जा करत होती. पाकदेंचा खोकला गेला. पक्ष्याचा राहिला.

स्पर्धेत देन बागुस भर मैदानात खोकला आणि शेवटून पहिला आला. तेवढ्यावर भागलं असतं, पण बाकीच्या शाम्यांनी ते लक्ष देऊन ऐकलं. बघता बघता डोंगरउतारावरचे सगळे पिंजरे खोकू लागले.

मग मात्र सुलिसच्या दारात रांग लागली. बायकोचं, डॉक्टरचं, कोणाचंच न ऐकलेले बाप्ये पक्ष्यासाठी म्हणून मास्क मागू लागले. काहींनी तर सिगारेटही सोडली. माणसांचे खोकले थांबले. पक्षी सोडले तर परिसरात खोकणारा आता एकच उरला, खुद्द मेरापी. त्याला तिथं सगळे आजोबाच म्हणतात, आणि तो गुरगुरला की आजोबांना उबळ आली म्हणतात. ती उबळ पक्ष्यांनी उचलली तर?

पक्षीप्रेमी मंडळाची तातडीची सभा भरली. अध्यक्षस्थानी पाकदे होते. ठराव एकमतानं मंजूर होऊन डोंगराच्या दिशेनं मोठ्यानं वाचण्यात आला:

"आदरणीय आजोबा मेरापी यांस सविनय विनंती, की स्पर्धेच्या हंगामात आपण खोकू नये; खोकणे अगदीच अपरिहार्य झाल्यास कृपया तोंडावर ढग धरावा."