जपानी भुरका

पाहुण्यांसमोर चहाचा भुरका मारला म्हणून ती सासऱ्यांना ताडकन बोलली होती, “बाबा, लाज आणता हो अगदी!” तेव्हापासून ते घरातही चहा पार गार करून मुकाट प्यायचे आणि तिचं मन तिला खात राहायचं. सरळ माफी मागायला जीभ रेटत नव्हती, म्हणून आज तिने मोबाईलवर बघून झटपट जपानी नूडल्स केल्या. वाफाळतं सूप, वर अर्धं उकडलेलं अंडं.

“बाबा, जपानात या नूडल्स आवाज करूनच खातात, त्यातच रांधणाऱ्याचा मान!” असं म्हणत तिनेच आधी दणदणीत भुरका मारला.



बाबा हळूच उठले आणि सुनेला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून खिडकी लावून आले.