तीनशे ग्रॅमचा तंबू

एकटीने दीड महिना सह्याद्री चालायचा, म्हणून ऊर्मिला काळसेकर हलका तंबू घ्यायला दुकानात आल्या होत्या.

"फक्त तीनशे ग्रॅम," विक्रेता म्हणाला. "आत झोपून बघा, काकू."

त्या आडव्या झाल्या, तसं कापड बोललं, "नमस्कार, ऊर्मिलाताई. आज हृदयाचे ठोके अनियमित आहेत."

त्या दचकून उठल्या. "माझं नाव याला कुणी सांगितलं?"

"हे कापड श्वासावरून माणूस ओळखतं. घरीही कळवतं."

तेवढ्यात मुलाचा फोन आला. "आई, डॉक्टर नको म्हणालेत ना? मग तंबूत काय करतेयस?"

त्यांनी फोन बंद केला. "न बोलणारा आहे?"

"आहे, पण साडेतीन किलोचा."

त्यात शिरून त्या आधी श्वास रोखून पडल्या, मग मोठा श्वास सोडला. बराच वेळ कापड काहीच बोललं नाही, तेव्हा कुठे म्हणाल्या, "हा द्या."