शेड बंद आहे म्हणे

गल्लीची लाइट गेली आणि घरी बाबांचं ऑक्सिजनचं मशीन बॅटरीवर आलं. मी ऑफिसात होतो. क्रिप्टोचं मायनिंग करणारी, म्हणजे ढीगभर वीज खाऊन डिजिटल नाणी कमावणारी मशीनं किती वेगानं चालतात ते मोजायचं, हे माझं काम. आमच्या गल्लीमागच्या, अशाच मशीनांनी भरलेल्या शेडचा वेगही मला स्क्रीनवर दिसतो. वीज कंपनीला फोन लावला.

"लोड वाढलाय साहेब. सगळ्यांचीच बंद केलीय, त्या शेडचीसुद्धा."

"शेड धडधडीत चालूय. वेग तसूभर कमी झालेला नाही. आमच्या कंपनीच्या साइटवर समोर बघतोय मी."

"थांबा, तुमची साइट उघडतो." मग तो हसला. "इथे खाली बारीक अक्षरात लिहिलंय, आकडे अंदाजे आहेत, पुरावा म्हणून धरू नयेत. कोणी लिहिलं हो हे?"

मीच लिहिलं होतं. खोटं नव्हतं. हा वेग बाहेरून थेट कुणालाच मोजता येत नाही, अंदाजच बांधावा लागतो. भडव्यानं फोन ठेवला.

लगेच बायकोचा आला. "अहो, बॅटरीचा लाल दिवा लागलाय. काय म्हणाले ते?"

"पुरावा नाही म्हणतात."

तिनं फोन बाबांच्या तोंडाशी नेऊन धरला.