भिंतीवरचं टक्कल

शाळेच्या भिंतीवर मुलांनी रोजच्या ओळखीची माणसं रंगवली, त्यात शाळेच्या बसचा ड्रायव्हर म्हणून मीही होतो. मिशा कोरून, बायकोला घेऊन थाटात बघायला गेलो. नर्सबाई हसत होत्या, पोस्टमन सायकलवर ऐटीत बसला होता, आणि माझं मात्र नुसतं टक्कल! पाठमोरा मी, स्टिअरिंग धरलेला. "अहो, अगदी हुबेहूब आलंय," बायको हसू दाबत म्हणाली. मी भडकलो, "अरे, तोंड कुठंय माझं?" "काका, आम्ही मागेच बसतो ना, आम्हाला तुम्ही असेच दिसता," रंगानं माखलेली एक चिमुरडी म्हणाली आणि तिनं टकलाच्या वरचा इवला आरसा दाखवला. त्यात माझे डोळे होते, चक्क हसरे! "अगं, हे चुकलं बघ. मी तर आरशात बघून रोज तुमच्यावर खेकसतो." "खेकसतं ते तोंड, काका," ती म्हणाली, "आरशात फक्त डोळे दिसतात."