चष्मे सांभाळायला कुणीतरी हवं

"समुद्राचा तळ ज्याने पाहिला नाही, त्याने जन्माला येऊन काहीच पाहिलं नाही," असं कॅप्टननी जाहीर केलं. त्या वेळी त्यांनी बोटीचा कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता आणि बोट अजून धक्क्याला बांधलेलीच होती.

कॅप्टन म्हणजे ऑफिसच्या कॅरम संघाचे कॅप्टन. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. सकाळी फिरायला जाणाऱ्या सात जणांच्या गटाला सहलीला आणलं ते त्यांनीच, आणि स्कूबा डायव्हिंगचं खूळ काढलं तेही त्यांनीच. त्याला कारण होतं. आठ वर्षांची नात महिनाभर पोहण्याच्या तलावाच्या पायरीवर बसून परत येत होती. "आजोबा समुद्रात खाली जाऊन फोटो पाठवतील, तर मी तलावात उतरेन," असं तिने फोनवर कबूल केलं होतं.

म्हणून त्या दिवशी सकाळी कॅप्टन आरशासमोर श्वास रोखून उभे होते. बेचाळीसपर्यंत आले असताना बायको म्हणाली, "अहो, बॅगेच्या चेनमध्ये बोट सापडलं. पट्टी कुठे ठेवलीय?" कॅप्टननी हातानेच 'नंतर' अशी खूण केली आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.

बाकीच्यांच्या बायका बाजारात गेल्या. कॅप्टनची बायको तेवढी बोटीवर आली, कारण सातही जणांना चष्मे होते आणि ते सांभाळायला कुणीतरी हवं होतं.

पाणबुड्याने सगळ्यांना खुणा शिकवल्या. "अंगठा आणि पहिलं बोट जोडून गोल केला, की सगळं ठीक. अंगठा वर केला, तर 'मला वर न्या'. विसरू नका काका, पाण्यात अंगठा म्हणजे शाबासकी नव्हे."

पहिला मान कॅप्टनचा. बाकीचे सहा जण उन्हामुळे पुढे केबिनमध्ये बसले. मागच्या बाकावर फक्त बायको, तोंडावर टोपी ओढून आणि मांडीवर चष्म्यांची पिशवी घेऊन.

कॅप्टन शिडीवरून उतरू लागले. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा ते ठीक होते. कमरेला लागलं तेव्हा त्यांना नात आठवली. छातीला लागलं तेव्हा त्यांनी अंगठा वर केला.

"काका, आपण अजून वरच आहोत," पाणबुड्या म्हणाला.

कॅप्टननी शिडी कोपरात धरून दुसराही अंगठा वर केला.

दहा मिनिटं ते शिडीला घोरपडीसारखे चिकटून राहिले. पाणबुड्या भला माणूस होता. "फोटोची काळजी करू नका," एवढंच तो म्हणाला. "सगळ्यांना मिळतो."

ओलेचिंब कॅप्टन केबिनमध्ये शिरले. सहा तोंडं त्यांच्याकडे वळली. खरं सांगायला एक क्षण होता. तो त्यांनी टॉवेलने तोंड पुसण्यात घालवला.

"काय सांगू," ते म्हणाले. "वेगळंच जग आहे. शब्द नाहीत."

मग एकेक जण गेला आणि ओला होऊन परत आला. ग्रंथपालाला गच्चीच्या कठड्याशी उभं राहिलं तरी घेरी यायची, तोसुद्धा जाऊन आला आणि म्हणाला, "शब्द नाहीत." म्हातारा कंपाउंडर म्हणाला, "कॅप्टन, तुम्ही सांगितलंत त्यात तसूभर खोटं नाही." कॅप्टनना चहा कडू लागला. सात जणांत भित्रा निघाला एकच, आणि तो नेमका पुढारी.

सातवा परतल्यावरही बोट तासभर तिथेच उभी होती. पाणबुड्याला म्हणे खाली अजून काम होतं. केबिनमध्ये माशांच्या रंगांवरून वाद रंगला. निघताना कॅप्टन मागे चष्मा आणायला गेले, तर बायकोचे केस ओले.

"तू कशी भिजलीस?"

"मागे बसलं की भिजायला होतंच," ती म्हणाली आणि चष्मा पुसून त्यांच्या हातात दिला.

संध्याकाळी हॉटेलच्या जेवणघरात पाणबुड्याने सात पाकिटं वाटली. कॅप्टननी आपलं उघडलं. निळंशार पाणी, तोंडभर मास्क, अंगभर काळा पोशाख, भोवती पिवळे मासे आणि पुढे केलेल्या हाताचा ऐटदार गोल. माणूस कुणीही असू शकला असता. फक्त फोटोच्या कोपऱ्यात आलेल्या त्या पहिल्या बोटाला लहान मुलांची, बदकं छापलेली पट्टी होती.

कॅप्टननी ते बोट आपल्या अंगठ्याखाली झाकलं आणि ही पट्टी कुणाच्या हाताला आहे ते चोरून पाहू लागले. पण प्रत्येकाने आपला फोटो कोपऱ्यावर अंगठा दाबूनच धरला होता. बोटं मागे. काही दिसेना.

"दाखवा की तुमचा," ग्रंथपाल म्हणाला.

"आधी तुमचा."

"पाण्याखाली सगळे सारखेच दिसतात हो," कंपाउंडर घाईने म्हणाला, आणि ते सगळ्यांना लगेच पटलं.

कॅप्टननी कोपरा झाकून फोटो नातीला पाठवला. पाच मिनिटांत फोन वाजला.

"आजोबा, उद्या मी उतरणार. तुम्हाला भीती वाटली होती?"

"थोडीशी," कॅप्टन म्हणाले. दिवसभरात त्यांच्या तोंडून निघालेलं खऱ्याच्या जवळपासचं एवढंच.

जेवण तसंच टाकून ते खोलीत गेले. बायको खाटेवर बसली होती.

"अगं, ऐक. मी खाली गेलोच नाही. शिडीवरच लटकलो होतो. पोरीला खोटं सांगितलं. आता त्या सहा जणांना तोंड कसं दाखवू?"

बायकोने हात पुढे केला. बोटावरची पट्टी भिजून सुटायला आली होती. पट्टीवर बदकं होती.

"आधी ही बदलून द्या," ती म्हणाली. "आणि पोरीला पाठवलात तो राहू दे. पण उद्या त्या सहा जणांकडे जरा शब्द टाकाल का? एखादा फोटो मलाही द्या म्हणावं."