दगडी झाडाची ढलपी

पत्र्याच्या पेटीचं झाकण खडखडलं. स्वयंपाकघरात तो आवाज फार मोठा वाटला.

म्हाताऱ्या अमेरसूदानं पेटी टेबलावर ठेवली. गावच्या रीतीनं तीन वर्षांनी कबर उघडून मुलाच्या अस्थी धुऊन भरायला सकाळी कबरस्तानात नेलेली, ती रिकामीच परत आली होती. धुवायची वाइनही बाटलीत तशीच.

"तीन वर्षं झाली," म्हातारी म्हणाली. "माझा इग्नातिस माती झालेला नाही. ठेवला तसा आहे."

सून मिर्सिनीचा बघायचा धीर झाला नव्हता. ती घरी राहून प्रसादाच्या उकडलेल्या गव्हावर साखर पसरत होती. तिचा हात थांबला.

"आणि छातीवर काय निघालं? वीतभर ढलपी. त्या जंगलातल्या, कधीकाळी दगड झालेल्या झाडाची. कुणी ठेवली?"

"मी, आई."

"तू! जन्मभर त्या जंगलाची राखण केली पोरानं. जंगल बघायला आलेल्यांचे खिसे उलटे करायचा. अगं, पाद्र्यालासुद्धा नखाएवढा तुकडा उचलू दिला नाही! आणि तू चोरीचा माल त्याच्याच उरावर ठेवलास? माती घेईल कशी त्याला? शांती मिळेल कशी?"

"समुद्राकडंच्या आडव्या झाडाची होती. रोज दुपारी तिथंच बसून भाकर खायचा. मला वाटलं, अगदीच एकटा नको."

दारात कबर खोदणारा प्रोकोपिस टोपी चुरगाळत उभा होता. बुटांना राखट माती.

"वहिनी, खड्डा उघडाच आहे. पुन्हा दोन वर्षं झाकायचा म्हणतात. ढलपी आत राहू दे की काढू? लवकर सांगा, वारा सुटलाय."

म्हातारीनं काळ्या ओढणीचं टोक डोळ्याला लावलं.

मिर्सिनी हात पुसत राहिली. कोरडे झाले तरी पुसतच राहिली.

"काढा," ती शेवटी म्हणाली. "त्याला काही बोचायला नको. झाडापाशी मीच नेऊन ठेवीन."

प्रोकोपिस गेला. मिर्सिनीची सात वर्षांची लेक पेलाजिया स्टुलावर गुडघे टेकून गव्हावर बदाम लावत होती. एक बदाम हातात तसाच राहिला.

"आई, झाड तसंच्या तसं राहिलं, तर लोक बोटीनं बघायला येतात. मग बाबा तसेच राहिले, तर आजी का रडते?"