नुसता कागद

"चार तासांनी शिळा होतोय," काउंटरमागचा तरुण म्हणाला आणि कोरोना चाचणीचा अहवाल काचेखालून परत सरकवला.

रंसीनाने तो उचलला नाही. "विमान उशिरा तुम्ही सोडताय."

"हो मॅडम. चौदा तास."

"मग शिळा मी केला का?"

"मी फक्त मोजतो, मॅडम. नमुना घेतल्यापासून बहात्तर तास. तुमचे शहात्तर होतायत."

पहिल्या खेपेला अहवालच विमान गेल्यावर आला होता. दुसऱ्या खेपेला विमानच रद्द झालं. आता ही तिसरी खेप. मस्कतमध्ये अकरा वर्षं औषधांच्या दुकानात काढलेल्या रंसीनाला आपल्या नाकाची आता कीव येऊ लागली होती.

तिकडे केरळात, मलप्पुरममध्ये तिचे उप्पा नऊ दिवसांपासून इस्पितळात होते. श्वासाचा जुना विकार उलटला होता. वडिलांच्या उशाशी जाऊन बसायचं, त्यांनी डोळे उघडून बघायचं, एवढंच तिला हवं होतं.

धाकटा भाऊ शम्सीर रोज दुपारी उप्पांचा आवाजी निरोप पाठवायचा. ती विचारायची, डॉक्टर काय म्हणाले? उप्पा सांगायचे, मागच्या फणसाला खारी लागल्या. ती विचारायची, रात्री झोप लागली का? उप्पा म्हणायचे, शेजारच्या कुंजाप्पूने कुंपण पुन्हा हातभर आत घेतलंय. आणि शेवटी लेकीला लाडाने, "सावकाश ये, मोळे. घाई करू नकोस." जन्मभर या माणसाने विचारलेल्याचं उत्तर दिलं नव्हतं. आता ऑक्सिजन लावला तरी सवय जाईना.

"अगं, घरात मयत झालं असेल तर अहवाल लागतच नाही," संध्याकाळी ब्लेसी म्हणाली. ती रंसीनाच्या खोलीत राहणारी नर्स. "प्रवासाचा फॉर्म नीट वाच. दाखला जोडायचा, की सोडतात."

"म्हणजे उप्पांना मारू?"

"कागदावर गं. आमच्या वॉर्डातली एकजण तशीच गेली. तिची आजी दुसऱ्यांदा वारली."

रंसीनाला हसू आलं, मग हसू आल्याचा राग आला. दोन दिवस ती फॉर्मकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी तिने शम्सीरला फोन लावला.

"पंचायतीत तुझा तो अनीश आहे ना, त्याला सांग," ती म्हणाली आणि एका दमात सगळं बोलून टाकलं.

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"ऐकतोयस ना?"

"इत्ता, असलं मागू नकोस," तो थोरल्या बहिणीला म्हणाला.

"मग काय करू? चौथ्यांदा नाक पुढे करू? तुझं बरं आहे, तू तिथे आहेस. मला आरोग्यखात्याचे नियम पाठ व्हायला लागलेत." तिचा आवाज चढला होता. "आणि एक अट. नोंदवहीत नाव चढता कामा नये. एकदा चढलं की पेन्शन बंद, रेशनकार्डातून नाव बाद. उप्पा उठून बसले की आपल्याला फैलावर घेतील. नुसता कागद हवाय. ऐकलंस?"

"नुसता कागद," शम्सीर म्हणाला. "ठीक आहे."

"शपथ घे."

"मी दमलोय, इत्ता. पाठवतो."

एरवी साधी पावती पाठवायला आठवडा लावणाऱ्या भावाने दाखला तासाभरात पाठवला. शिक्का, सही, क्रमांक, सगळं जागच्या जागी. अनीशचा हात चांगलाच बसलेला दिसत होता. मृत्यूची तारीख गेल्या गुरुवारची. ती रंसीनाने दोनदा वाचली, पण मग तिला आठवलं, खारींची तक्रार गुरुवारीच तर आली होती. तिने तो निरोप पुन्हा ऐकला आणि तिला जरा बरं वाटलं. फॉर्म भरताना 'मयताशी नाते' या रकान्यात 'मुलगी' लिहून तिने फोन पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी मंजुरी आली.

करिप्पूरच्या विमानतळावर विमान भर दुपारी उतरलं. मयतवाल्यांची रांग वेगळी होती. टेबलामागे पांढऱ्या पोशाखात गुंडाळलेल्या, नुसते डोळे दिसणाऱ्या बाई संगणकावर प्रत्येक दाखल्याचा क्रमांक टाकून बघत होत्या. हे ब्लेसीने सांगितलं नव्हतं.

पुढचा माणूस म्हणाला, "माझी आई गेलीय हो."

"नोंद नाही," बाई म्हणाल्या. "सात दिवस सरकारी विलगीकरण. बस बाहेर उभी आहे."

"चौकशी तर करा."

"केली. पंचायतीला फोन लावला. आईंनी कालच लसीचा दुसरा डोस घेतलाय."

रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. तो माणूस बॅग ओढत बसकडे निघाला.

सात दिवस. रंसीनाने दाखला बाहेर काढला. इस्पितळ इथून तासाच्या वाटेवर होतं, आणि ती स्वतःच्याच हुशारीने आठवडाभर कुठल्याशा वसतिगृहात कोंडली जाणार होती. शम्सीरला नोंदवहीची अट घातली नसती तर बरं झालं असतं, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

"द्या."

तिने कागद दिला. बाईंनी क्रमांक टाकला. पडद्यावरचं चक्र बराच वेळ फिरत राहिलं. बाईंनी क्रमांक पुसून पुन्हा एकेक आकडा वाचत टाकला.

आता खरं सांगून टाकावं. हातापाया पडावं. वडील जिवंत आहेत, फक्त भेटू द्या, मग हवं तर महिनाभर कोंडा.

"मॅडम, माझ्या वडिलांचं एक सांगायचंय," ती म्हणाली.

बाईंनी हात वर करून तिला थांबवलं. पडद्यावर काहीतरी उमटलं होतं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, दाखल्यावर शिक्का मारला आणि खुर्चीतून उठून कागद दोन्ही हातांनी परत दिला.

"तुम्हाला ताटकळत ठेवलं, माफ करा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सकाळपासून सात दाखले आले. नोंदवहीत, इस्पितळाच्या नोंदीसकट सापडलेला हा पहिलाच."